‘महारठी’ ही पदवी : अर्थ, उपयोग आणि आपण

वर्षावासाच्या काळात आमच्या संस्थेतर्फे विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग चालतो. त्याचाच भाग म्हणून आम्ही मुलामुलींना घेऊन कार्ल्याच्या लेण्यांना गेलो होतो. पनवेलहून खोपोली, बोरघाट, लोणावळा अशी ही वाट आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. लेण्यासमोरच्या सिंहस्तंभाजवळ उभे राहून आम्ही त्यावरील लेखाचा अर्थ सांगितला : ‘महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणक याचे सिंहस्तंभाचे दान.’ त्यानंतर आतल्या दुसऱ्या लेखाची माहिती दिली. त्यात बाप महारठी आणि मुलगाही महारठी. हे ऐकून बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “म्हणजे बुद्धाच्या दारातही बापाची पदवी मुलाला लागतच होती की! मग आपण जन्मावरून मोठेपण नाही, असे कशाच्या आधारावर म्हणतो?”

प्रश्न रोखठोक होता आणि तिथल्या तिथे दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नव्हता. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. वंशपरंपरेने चालणारी पदवी म्हणजे काय, तिचा उपयोग कसा होत होता, तथागतांनी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले आणि आज आपण तिच्यापासून काय शिकावे, हे क्रमाने पाहू.

शब्दाचा अर्थ

‘महारठी’ हा शब्द वाचताच पुष्कळांना महाभारतातील ‘महारथी’ आठवतो. परंतु हे दोन शब्द एक नव्हेत. महारथी म्हणजे रथातून लढणारा मोठा योद्धा. लेण्यांतील शब्दात ‘ठ’ आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध ‘रट्ठ’ म्हणजे राष्ट्र, मुलूख, प्रांत या शब्दाशी लावतात. रठी किंवा रठिक म्हणजे मुलुखाचा कारभार पाहणारा, आणि महारठी म्हणजे त्यांतला वरच्या दर्जाचा. सातवाहनांच्या राज्यात राजाच्या हाताखाली असे सरदार मुलूख सांभाळीत असत. कोकणाकडच्या भागात अशाच दर्जाचा दुसरा शब्द आढळतो, तो म्हणजे ‘महाभोज’.

सम्राट अशोकाच्या शिलालेखांतही हे शब्द येतात. धम्ममहामात्र कोणकोणत्या लोकांत नेमले, हे सांगताना पाचव्या शिलालेखात योन, कंबोज, गंधार यांच्याबरोबर ‘रठिक-पेतेणिक’ असा उल्लेख आहे, आणि तेराव्या लेखात ‘भोज’ येतात. यांतला ‘पेतेणिक’ शब्द आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पाली ग्रंथांत ‘पेत्तनिक’ असा शब्द आहे व त्याचा अर्थ बापाकडून आलेल्या संपत्तीवर राहणारा असा होतो. म्हणून काही विद्वानांनी ‘रठिक-पेतेणिक’ याचा अर्थ वंशपरंपरेचे रठिक असा घेतला. इतरांनी ती दोन वेगळ्या लोकांची नावे मानली. मत कोणतेही घेतले तरी एवढे निश्चित, की बापाचे अधिकारपद मुलाने भोगणे ही गोष्ट त्या काळात इतकी रूढ होती की तिच्यासाठी स्वतंत्र शब्द होता.

‘महारठी म्हणजे मराठा का?’ असाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. डॉ. रा. गो. भांडारकरांनी रट्ठ, महारट्ठ या नावांशी ‘महाराष्ट्र’ या नावाचा संबंध जोडला होता आणि त्यावर पुढे बराच वाद झाला. परंतु लेण्यांतील महारठी ही त्या काळच्या अधिकाराची पदवी आहे, आजच्या कोणत्याही जातीचे नाव नव्हे. आजच्या जातींची भांडणे दोन हजार वर्षे मागे नेणे योग्य होणार नाही.

लेखांतून दिसणारा उपयोग

आता प्रत्यक्ष लेखांकडे वळू. कार्ल्याच्या ज्या लेखामुळे प्रश्न निघाला, तो राजा वासिठीपुत पुळुमावी याच्या सातव्या राज्यवर्षातला आहे. ओखळकियांचा महारठी कोसिकीपुत मितदेव याचा मुलगा महारठी वासिठीपुत सोमदेव याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षुसंघाला एक गाव करांसह व येणाऱ्या सर्व उत्पन्नासह दिले, असे त्यात म्हटले आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचे जुने नाव.

या एका लेखातून तीन गोष्टी कळतात. पहिली, पदवी बापाकडून मुलाकडे आली आहे. दुसरी, पदवी म्हणजे नुसता मान नव्हता. गावाचे उत्पन्न दुसऱ्याला देऊन टाकण्याइतका हक्क तिच्यात होता. तिसरी गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी आवर्जून टिपून घेतली : पदवी बापाची असली तरी नावाआधी लागते ते आईकडचे नाव. मितदेव हा कोसिकीचा पुत्र, सोमदेव हा वासिठीचा पुत्र. सिंहस्तंभ देणारा अग्निमित्रणक हा गोतीचा पुत्र, आणि खुद्द राजा पुळुमावी हाही वासिठीपुत.

मावळातल्या बेडसे लेण्यात पाण्याच्या टाक्यावर एक छोटा लेख आहे. ते टाके महारठिनी सामडिनिका हिचे धर्मदान आहे. ती महाभोयाची म्हणजे महाभोजाची मुलगी आणि आपदेवणकाची पत्नी. म्हणजे बापाच्या घरची पदवी एक आणि तिच्या नावाबरोबर येणारी पदवी दुसरी. मोठ्या घराण्यांत आपसांत सोयरिकी होत आणि स्त्रियांच्या नावांनाही पदवी लागे, हे यावरून दिसते. नाणेघाटात सातवाहनांच्या प्रतिमांवर जी नावे कोरली होती, त्यांत राजा-राणी व कुमारांबरोबर एक महारठीही आहे. राणी नागनिका ही महारठीचीच मुलगी होती. मात्र नाणेघाटचा लेख यज्ञ आणि दक्षिणांचा आहे, धम्मदानाचा नाही. तेव्हा महारठी ही बौद्धांची पदवी होती असे समजू नये. ती राज्यकारभारातली पदवी होती. ती धारण करणारे कोणी यज्ञ करीत, कोणी संघाला दान देत.

आपल्या रायगड जिल्ह्यातले उदाहरण तर घेतलेच पाहिजे. गोव्याच्या महामार्गाने इंदापूरपर्यंत जाऊन तळ्याच्या वाटेला लागले की मांदाडजवळ कुडा लेणी आहेत. त्यांतील एका लेखात महाभोजी साडगेरी विजया हिचा मुलगा महाभोज मांदव खंदपालित याचे नाव आहे. पण ते लेणे महाभोजाने दिलेले नाही. त्याच्या पदरी असलेल्या लेखकाच्या, म्हणजे आजच्या भाषेत कारकुनाच्या घराने दिलेले आहे. शिवम नावाच्या गृहस्थाचे लेणे, त्याची पत्नी विजया व मुले यांचे कोरीवकाम, मुलींचे खांब, असे सारे कुटुंब त्या दानात सामील आहे. धन्याचे नाव आहे ते चाकरी कोणाची हे कळावे म्हणून. दान चाकराचे आहे.

कुड्याला आणखी कोणाची दाने आहेत? माळ्याचे आहे, वैद्याचे आहे, कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचे आहे, भिक्षुणीचे आहे, ब्राह्मण उपासकाच्या पत्नीचेही आहे. कार्ल्याच्या चैत्यातही तेच दृश्य. वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, धेनुकाकट गावचे यवन आहेत, दाराचे काम करणारा सुतार सामी आहे, दाराचे दान देणारा सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या आहे. एकाच दगडात एकाच लिपीत ही नावे आहेत. महारठीचा लेख वर आणि सुताराचा खाली अशी मांडणी तेथे केलेली नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. लेण्यांत पदवी आहे, हे खरे. पण ती देणाऱ्याची ओळख म्हणून आहे. जसा सुतार ‘सुतार’ म्हणून, माळी ‘माळी’ म्हणून, तसा महारठी ‘महारठी’ म्हणून. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी तथागतांच्या वचनाकडे गेले पाहिजे.

तथागतांची दृष्टी

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात लिच्छवी कुमारांविषयीचे एक सुत्त आहे. वैशालीजवळच्या महावनात भगवंत एका झाडाखाली बसले होते. हातात धनुष्ये आणि भोवती कुत्र्यांचा घोळका घेऊन भटकणारे लिच्छवी कुमार तेथे आले. भगवंतांना पाहताच त्यांनी धनुष्ये खाली ठेवली, कुत्री एका बाजूला हाकलली आणि हात जोडून गुपचूप बसून राहिले. तेवढ्यात महानाम लिच्छवी तेथे आला. हे दृश्य पाहून त्याला आश्चर्य वाटले. तो म्हणाला की, आता वज्जी नावारूपाला येतील! मग त्याने या मुलांची खोड सांगितली. ही पोरे उद्धट व आडदांड आहेत. कोणाच्या घरी ऊस, बोरे, मोदक, घावन असे काही पाठवले तर वाटेतच लुटून खातात. चांगल्या घरच्या बायकामुलींना मागून लाथा मारतात.

ही खानदानी मुले होती. पुढे राज्य करणार होती. त्यांच्यासमोर भगवंतांनी काय सांगितले? मूर्धाभिषिक्त राजा असो, बापाकडून आलेला मुलूख भोगणारा रट्ठिक असो, सेनापती असो, गावचा मुख्य असो की श्रेणीचा मुख्य असो, पाच गोष्टी जो पाळतो त्याची वाढच होते, हानी होत नाही. स्वतःच्या उद्योगाने, बाहुबळाने, घाम गाळून, न्यायाने मिळवलेल्या धनातून तो आईबापांचा मान राखतो. पत्नी, मुले, चाकर व कामकरी यांचा मान राखतो. शेताशेजारचे आणि व्यवहारातले लोक यांचा मान राखतो. ज्यांना बळी दिला जातो त्या देवतांचा आणि श्रमण-ब्राह्मणांचा मान राखतो.

या उपदेशातले मर्म विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. वंशपरंपरेच्या पदवीचे नाव भगवंतांनी घेतले आहे, ते टाळलेले नाही. परंतु तिचा धनी वाढेल की बुडेल, हे त्याच्या बापावरून ठरवलेले नाही. त्याने स्वतः काय मिळवले, ते कसे मिळवले आणि आपल्या हाताखालच्या माणसाला कसे वागवले, यावरून ठरवले आहे. ज्याच्याकडे सर्व काही बापाकडून आले, त्यालाच घाम गाळून मिळवलेल्या धनाची गोष्ट सांगितली आहे.

संघात तर पदवीला जागाच ठेवली नाही. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. आम्हा शाक्यांना फार गर्व आहे, तेव्हा याला आधी दीक्षा द्यावी, म्हणजे आम्ही याला वंदन करू आणि आमचा गर्व उतरेल, अशी विनंती त्या राजपुत्रांनीच केली व तसेच झाले. त्या राजपुत्रांत भद्दिय हा शाक्यांचा राजा होता. राजाने न्हाव्याला वंदन केले, कारण संघात ज्येष्ठता जन्मावर नाही, उपसंपदा कधी घेतली यावर आहे. हाच उपाली पुढे विनयाचा श्रेष्ठ जाणकार झाला व पहिल्या संगीतीत विनयाबद्दलचे प्रश्न त्यालाच विचारले गेले.

नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची आधीची नावे उरत नाहीत, त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आले की आधीची नावगोत्रे सोडतात, ही तथागतांची उपमा आपण सर्वजण ऐकतो. आपली गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते. त्या ठिकाणी उभे राहून गाढीचे पाणी कोणते आणि खाडीचे कोणते, हे कोणी वेगळे दाखवू शकेल काय?

पदवी जेव्हा बेडी होते

आपल्या समाजाने वंशपरंपरेची दुसरी बाजूही भोगली आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पाटील, कुलकर्णी, देशमुख, खोत यांचे वतन म्हणजे अधिकार आणि उत्पन्न. आपल्या पूर्वजांचेही वतन होते. पण ते वतन म्हणजे वेशीची राखण, सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, रात्रंदिवस सरकारी व गावकीची वेठ. त्याच्या मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि बलुते. ‘येसकर’ हे पद बापाकडून मुलाकडे येई, तसे कष्टही येत. आपल्या पूर्वजांच्या नावापुढे ‘नाक’ हा आदराचा शब्द लागे. अनेक अभ्यासक त्याचे मूळ ‘नायक’ या शब्दात पाहतात. कोरेगावच्या जयस्तंभावर अशी ‘नाक’ने संपणारी नावे कोरलेली आहेत. नावाला आदराचा शब्द आणि त्या माणसाला पाणवठा बंद, अशी ही स्थिती होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडलाच, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन आपला हक्क बजावावा लागला. बेडशाच्या महारठिनीने संघासाठी खोदवलेले पाण्याचे टाके आम्हाला म्हणूनच फार मोलाचे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वतनाच्या या बेडीवर नेमका घाव घातला. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. वतनाच्या मोहात आपली माणसे अडकून पडतात, स्वतंत्र उद्योगाला मुकतात, हे ते सभांतून परोपरीने सांगत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलावर नेला. त्यात केवळ आपला समाज नव्हता. कुळे म्हणून राबणारे कुणबी, आगरीही होते. पुढे खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली, परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा १९५० साली आणि आपल्या पूर्वजांची कनिष्ठ मानली गेलेली गाववतने नष्ट करणारा १९५८ साली झाला. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने गेले. आज ‘पाटील’ हे आडनाव आहे, वंशपरंपरेचे पद नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने राज्याला लष्करी व विद्याविषयक सन्मान सोडून कोणताही किताब देण्यास मनाई केली. संस्थानिकांची मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपले. विद्याविषयक पदवी संविधानाने का राहू दिली, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. बी. ए., एम. ए. ही पदवी बापाची मुलाला लागत नाही. ती ज्याची त्याने अभ्यास करून मिळवावी लागते, आणि त्याच्याबरोबर संपते.

आपले आपण तपासू

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपण जुनी वतनी नावे टाकली. आमंत्रणपत्रिकेत आता आपण ‘आयुष्मान’ व ‘आयुष्मती’ लिहितो. भिक्षूंना ‘भदन्त’ म्हणतो, संस्कार करणाऱ्यांना ‘बौद्धाचार्य’ म्हणतो. ‘आयुष्मान’ हा शब्द फार चांगला आहे. परिनिर्वाणापूर्वी भगवंतांनी भिक्षूंना सांगितले होते की, धाकट्याने थोरल्याला ‘भन्ते’ किंवा ‘आयस्मा’ म्हणावे आणि थोरल्याने धाकट्याला नावाने, गोत्राने किंवा ‘आवुसो’ म्हणावे. यात थोरला-धाकटा हे घराण्यावरून ठरत नाही. ‘आयुष्मान’मध्ये समोरच्याला आयुष्य लाभो एवढीच सदिच्छा आहे आणि ती श्रीमंताला जेवढी लागू तेवढीच मजुराला.

पण आपण खरोखर पदव्या टाकल्या काय? अनेक ठिकाणी विहार समितीचे अध्यक्षपद बापामागून मुलाकडे जाताना दिसते आणि सभासदही ‘त्यांच्या वडिलांनीच विहार बांधला’ म्हणून हात वर करतात. वडिलांनी बांधला हे खरे, त्यांचा मान ठेवावाच. परंतु त्यांचे कष्ट मुलाच्या खात्यावर कसे जमा होतील? मुलगा काम करणारा असेल तर तो निवडून येवो, पण बापाच्या नावावर नको. आमच्या संस्थेतही दानफलक करताना असाच वाद झाला. मोठ्या देणगीदारांची नावे वर, पदासहित आणि ठळक अक्षरांत असावीत, असे काहींचे म्हणणे होते. भाजी विकून महिन्याला दहा रुपये देणाऱ्या एका आजीबाईंचे नाव अशाने अगदी तळाला गेले असते. शेवटी नावे वर्णानुक्रमे, एकाच अक्षरात आणि ‘आयु.’ या एकाच संबोधनाने लिहायचे ठरले. हा निर्णय एकमताने झाला नाही, हेही आम्ही मोकळेपणाने सांगतो. काही सभासद नाराज झाले व एक-दोघे बरेच दिवस विहारात आले नाहीत. पण कार्ल्याचे खांब पाहिल्यावर आमचा निर्णय योग्य होता, असे आम्हाला वाटते.

ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला, तिला आमचे उत्तर असे : होय, बापाची पदवी मुलाला लागत होती, आणि लेण्यात ती कोरलेलीही आहे. धम्माने ती लपवली नाही, पण तिच्यासाठी वेगळे आसनही मांडले नाही. महारठीच्या घराण्याची सत्ता गेली, गावाचे उत्पन्न गेले, पदवीचा अर्थही आज अभ्यासकांना विचारावा लागतो. दिलेले दान मात्र उभे आहे, आणि ते सुताराच्या दानाशेजारी उभे आहे.

येत्या वर्षावासात कुड्याला जाण्याचा आमचा विचार आहे. विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल बरोबर आणावी, महाभोजाच्या लेखाचा ठाव घ्यावा, आणि तिथल्या माळ्याचे व वैद्याचे नाव शोधून वहीत उतरवून घ्यावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!